नकाशावर बाग, जागेवर पत्रे: मुंबईतलं उद्यान अडतं कुठे?

मुंबईत रविवारी संध्याकाळी बागेत झोपाळ्यासाठी रांग लागते. बाकावर जागा मिळाली तर नशीब. ही सुट्टीची गर्दी वाटते, पण मुद्दा जागेचा आहे. महापालिकेच्या विकास आराखड्यासाठी झालेल्या पाहणीत शहरात माणशी मोकळी जागा निघाली साधारण 1.24 चौरस मीटर. म्हणजे सहा बाय तीन फुटांच्या गादीपेक्षाही कमी. केंद्र सरकारच्या 2014 च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांमध्ये हाच आकडा माणशी 10 ते 12 चौरस मीटर आहे.

"पण आपल्याकडे अख्खं नॅशनल पार्क आहे की!" अशी कमेंट यावर हमखास येते. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान 100 चौरस किलोमीटरहून मोठं आहे, हे खरंच. पण ते वन खात्याच्या ताब्यातलं जंगल आहे, तिथे बिबटे राहतात. गोवंडीतल्या आजीला जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला त्याचा काय उपयोग? रोजची बाग घरापासून चालत जाता येईल अशी लागते.

मग नव्या बागा होत का नाहीत?

कागदावर त्या आहेत. विकास आराखडा म्हणजे डीपी, आणि त्यात बाग, खेळाचं मैदान, शाळा, दवाखाना यांसाठी भूखंड राखून ठेवलेले असतात. यालाच आरक्षण म्हणतात. गोंधळ इथेच होतो. आरक्षण पडलं म्हणजे जमीन महापालिकेची झाली, असं नाही. जमीन खासगी मालकाचीच राहते, फक्त तिचा वापर ठरलेला असतो. ती ताब्यात घ्यायला पैसे मोजावे लागतात किंवा मोबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क द्यावा लागतो. मुंबईतले जमिनीचे भाव पाहता फाईल का रेंगाळते, हे वेगळं सांगायला नको.

आणि या रेंगाळण्याला मुदत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 127 सांगतं की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द झालं असं मानलं जातं. मग तिथे बागेऐवजी टॉवर उभा राहू शकतो. मालकाच्या बाजूनेही पाहायला हवं, कारण आपलीच जमीन वर्षानुवर्षं ना विकता येते, ना वापरता येते. पण चुकलेल्या मुदतीची किंमत मोजतात ते आजूबाजूचे रहिवासी, आणि बहुतेकदा त्यांना नोटीस आल्याचा पत्ताही नसतो.

मुंबईचा सध्याचा 2034 चा आराखडा 2018 मध्ये लागू झाला. दहा वर्षं 2028 मध्ये भरतील.

जागेवर झोपड्या असतील तर?

हा सगळ्यात अवघड भाग. बागेसाठी राखलेल्या अनेक भूखंडांवर आज लोक राहतात. नियम असा की असा भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल, तर किमान 35 टक्के जागा मोकळी ठेवून उरलेल्या जागेवर झोपडपट्टी पुनर्वसन करता येतं. या धोरणाविरोधातली याचिका 2002 पासून सुरू होती. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नियम वैध ठरवला. एका बाजूला घराचा हक्क, दुसऱ्या बाजूला मोकळ्या हवेचा. शिवाय पुनर्वसनानंतर त्याच वस्तीतल्या मुलांना खेळायला जागा लागणारच आहे. म्हणून आता लक्ष ठेवायचं ते उरलेल्या 35 टक्क्यांवर: ती जागा सगळ्यांना खुली राहते, की इमारतीच्या कुंपणाआड पार्किंगला जाते?

लोकांनी भांडून काही होतं का?

होतं. बेंगळुरूमध्ये बागेसाठी राखलेली जागा खासगी हॉस्पिटलसाठी दिली गेली, तेव्हा रहिवासी कोर्टात गेले. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बाग ही सार्वजनिक गरज आहे आणि तिच्यासाठी दाद मागण्याचा हक्क रहिवाशांना आहे, हे त्यातून ठरलं.

मुंबईत अलीकडचं उदाहरण मलबार हिलच्या हँगिंग गार्डनचं. ही बाग पाण्याच्या टाकीवर वसलेली आहे, त्या हिरवळीखालून दक्षिण मुंबईला पाणी जातं. 2023 मध्ये टाकी पाडून नवी बांधायचा आणि त्यासाठी बाग काही वर्षं बंद ठेवायचा बेत होता. रहिवाशांनी विरोध केला, तज्ज्ञांची समिती बसली आणि पाडकामाचा बेत मागे पडला. मलबार हिलच्या रहिवाशांचा आवाज जितका लवकर ऐकू जातो, तितका मानखुर्दच्या रहिवाशांचा जातो का, हा प्रश्न मात्र उरतोच.

जागा नाहीच, असंही नाही. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, साधारण 37 एकरांचं. आज तिथे दाट झाडी आणि फुलपाखरं दिसतात. 1994 मध्ये खुलं झालेलं हे उद्यान कधीकाळच्या कचरा डेपोवर उभं आहे!

तुमच्या भागातला पत्र्यामागचा भूखंड कसा तपासायचा?

2034 चा आराखडा महापालिकेच्या वेबसाइटवर आहे. भूखंडाचा सीटीएस क्रमांक माहीत असेल तर त्यावर कसलं आरक्षण आहे, ते कळतं. जमीन ताब्यात आली का आणि खरेदीची नोटीस आली आहे का, हे मात्र माहिती अधिकारात विचारावं लागतं. अर्जाचं शुल्क 10 रुपये. नोटिशीची तारीख नक्की मागा, कारण 24 महिने तिथूनच मोजले जातात.