जंतराचे भोक लहान-मोठे करता आले तर?

महेश्वरी साडीच्या किनारीत चमकणारी जर आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. ती मुळात तयार कशी होते, याचा विचार मात्र आपण सहसा करत नाही. अस्सल जरीसाठी चांदीची बारीक तार ओढतात, ती चपटी करतात, रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळतात आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा देतात. आज बाजारातली पुष्कळशी जर तांब्याची किंवा प्लास्टिकच्या पट्टीची असते, हे खरे. पण अस्सल जरीच्या मागचे गणित पाहण्यासारखे आहे.

समजा, बोटाएवढी एक चांदीची कांडी घेतली. जाडी १ सें.मी., लांबी १० सें.मी., वजन साधारण ८२ ग्रॅम. ती ओढत ओढत ०.१ मि.मी. जाडीची तार केली, तर लांबी किती होईल? जाडी शंभर पटीने कमी झाली, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ दहा हजार पटीने कमी झाले. धातू कुठे नाहीसा होत नाही, म्हणून लांबी दहा हजार पटीने वाढली. दहा सेंटिमीटरच्या कांडीची झाली एक किलोमीटर तार! एवढी तार कापून किंवा किसून कधीच मिळाली नसती. ती मिळते फक्त ओढून.

सोनाराचे जंतर

इंदूरचा सराफा आपल्याला रात्रीच्या खाऊगल्लीमुळे जास्त परिचयाचा. पण दिवसा तिथे दागिन्यांचा बाजार असतो. सोनेकामाच्या एखाद्या जुन्या कारागिराकडे गेलात, तर पोलादाची एक जाड पट्टी पाहायला मिळेल. तिच्यात ओळीने भोके असतात, प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा किंचित लहान. हेच जंतर, काही जण जंत्री म्हणतात. भोके गोल असतात, तशी चौकोनी आणि अर्धगोलही असतात.

कारागीर तारेचे टोक कानशीने निमुळते करतो, तारेला मेण लावतो, टोक भोकातून पलीकडे काढतो आणि पकडीने खेचतो. तार एका भोकातून निघाली की पुढचे भोक. दोन-चार भोके झाली की तार ताठ होते, कडक लागते. मग ती तापवून नरम करायची आणि पुन्हा ओढायची.

नीट पाहिले तर भोक सरळ नसते. आत शिरताना ते नरसाळ्यासारखे रुंद असते आणि मग अरुंद होत जाते. धातू या उतारावर चारी बाजूंनी दाबला जातो आणि पुढे लांब होतो. म्हणजे आपण नुसते खेचत असलो, तरी खरे काम दाबाचे चालले असते. तार पातळ होते, पण तिचा कणही निघून जात नाही.

एकाच फेरीत का नाही?

मग मोठ्या भोकातून थेट सर्वांत लहान भोकात तार का घालत नाहीत? कारण खेचण्याचा सगळा जोर झेलायचा असतो तो बाहेर आलेल्या बारीक तारेला. भोकातला धातू दाबायला जेवढा जोर लागतो, तेवढा ताण ही बारीक तार सहन करू शकली पाहिजे. नाही करू शकली, तर ती पकडीजवळ तुटते आणि उरलेली तार जंतराच्या मागेच राहते.

याचे गणित इंजिनिअरिंगच्या पुस्तकात एका ओळीत येते. घर्षण अजिबात नाही आणि धातू कडक होत नाही असे मानले, तरी एका फेरीत छेदाचे क्षेत्रफळ फार तर ६३ टक्क्यांनी कमी करता येते. प्रत्यक्षात घर्षण असते, वंगण कमी-जास्त होते, धातूत दोष असतात, म्हणून कारखान्यात या मर्यादेच्या बरेच अलीकडे थांबतात. वरची कांडी दर फेरीला २० टक्के या हिशेबाने ओढली, तर ०.१ मि.मी.पर्यंत पोहोचायला ४२ फेऱ्या लागतील. दर फेरीला ३० टक्के धरले तर २६.

पण फारच थोडे-थोडे ओढणे सुरक्षित, असेही नाही. भोकाचा उतार फार मोठ्या कोनाचा असेल आणि फेरी फार हलकी असेल, तर बाहेरचा थर तेवढा दाबला जातो आणि मधला गाभा नुसता ताणला जातो. अशा वेळी सळईच्या आत, मध्यभागी, बाणाच्या टोकासारख्या भेगा पडतात. बाहेरून सळई चकचकीत दिसते, माप बरोबर असते आणि आतून ती ठिकठिकाणी फाटलेली असते. अशा सळईचा गाडीतला भाग बनला तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून महत्त्वाच्या भागांच्या सळया अल्ट्रासॉनिक तपासणीतून काढतात.

पीथमपूरची सळई

हेच काम मोठ्या प्रमाणावर केले की ‘ब्राइट बार’ तयार होतो. आपल्या पीथमपूरसारख्या औद्योगिक वसाहतीत, जिथे गाड्यांचे भाग बनतात, तिथे हा शब्द रोजचा. रोलिंग मिलमधून गरम लाटून आलेली सळई काळी असते, तिच्यावर पापुद्रा असतो आणि तिचे माप ढोबळ असते. आधी आम्लात बुडवून किंवा बारीक छर्रे मारून तो पापुद्रा काढतात. टोक दाबून बारीक करतात, वंगण लावतात आणि ड्रॉ बेंचवर डायमधून ओढतात. सराफ्यातल्या पकडीच्या जागी इथे साखळीला अडकवलेली गाडी असते, एवढाच फरक. ओढताना सळई तुटली किंवा पकड सुटली तर टोक जोरात फटकारते, म्हणून चालू बेंचच्या रेषेत कुणी उभे राहायचे नाही, हा तिथला पहिला नियम.

२२ मि.मी.ची काळी सळई ओढून २० मि.मी. केली, तर क्षेत्रफळ साधारण १७ टक्क्यांनी कमी होते आणि पाच मीटरची सळई सहा मीटरहून थोडी जास्त होते. खरा फायदा मात्र मापाचा. २० मि.मी.चा ब्राइट बार ‘एच-नऊ’ या दर्जाचा मागवला, तर तो २० पेक्षा जास्त असणार नाही आणि ०.०५२ मि.मी.पेक्षा अधिक कमीही असणार नाही. ओढल्यामुळे त्याची ताकदही वाढलेली असते.

मात्र ओढताना आतमध्ये ताण साठतो. म्हणून अशा बारला एकाच बाजूने लांब खाच पाडली की तो धनुष्यासारखा किंचित वाकतो. नवीन मुलगा मशीनला दोष देतो. जुना फोरमन बार आधी तापवून ताण काढायला सांगतो.

हिऱ्याला पर्याय

एवढा घासा झेलणारे भोक कशाचे असते? साध्या पोलादाचे भोक लवकर झिजते आणि मोठे होते. विजेच्या दिव्यातली टंग्स्टनची तार केसापेक्षा बारीक लागे. तिच्यासाठी हिऱ्याला भोक पाडून डाय करत. हिरा महाग, म्हणून जर्मनीतली दिवे बनवणारी ओसराम कंपनी पर्याय शोधत होती. तिथल्या कार्ल श्र्योटर यांनी १९२३ मध्ये टंग्स्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टसारख्या धातूबरोबर दाबून आणि तापवून एक अतिशय कठीण पदार्थ बनवण्याचे पेटंट घेतले. क्रुप कंपनीने १९२६ मध्ये तो ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला. हे नाव ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांतून आले.

आज लेथवर लावायची कार्बाइडची टीप, भिंतीला भोक पाडायच्या ड्रिलचे कठीण टोक, हे सगळे याच कुळातले. सुरुवात झाली ती तार ओढायच्या भोकापासून.

एक भोक, एकच माप

कार्बाइडची डाय उत्तम, टिकाऊ, अचूक. पण तिचे भोक एकाच मापाचे. २० मि.मी.ची डाय २० मि.मी.चीच सळई देते. झिजली की ती मोठी होते आणि मोठे झालेले भोक परत लहान करता येत नाही. फार तर घासून पुढच्या मापाची करून घ्यायची. लाखो मीटर एकाच मापाची सळई काढणाऱ्या कारखान्याला याचे काही वाटत नाही. अडचण होते ती छोट्या वर्कशॉपची.

समजा, इंचाच्या काळातले एक जुने मशीन दुरुस्तीला आले. त्याच्या शाफ्टवरची चौकोनी चावी ३/८ इंच आहे, म्हणजे ९.५२५ मि.मी. बाजारात १० मि.मी.चा चौरस बार मिळतो. मग तो चारी बाजूंनी घासत बसायचा, किंवा पन्नास किलोच्या ऑर्डरसाठी खास डाय करून घ्यायची. दोन्हींत वेळ आणि पैसा जातो. आज अशा मापाची, उद्या तशा मापाची, अशी थोडी-थोडी कामे घेऊनच छोटे कारखाने चालतात. म्हणून भोकाचे माप बदलता येणे ही त्यांच्यासाठी ऑर्डर घ्यायची की परत पाठवायची, अशी गोष्ट असते.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. एखादा आकडा प्रोग्रॅममध्ये कायमचा लिहून टाकायचा, की बाहेरून बदलता येईल असा ठेवायचा? पण इथे तो आकडा पोलादाचा आहे आणि त्याच्यावर काही टनांचा जोर येणार आहे.

चार आगपेट्यांचा प्रयोग

चौकोनी भोक लहान-मोठे करायचे, पण कोपऱ्यात फट पडू द्यायची नाही. हे कसे जमवायचे? घरी चार आगपेट्या घ्या आणि टेबलावर स्वस्तिकासारख्या मांडा. प्रत्येक पेटीचे टोक शेजारच्या पेटीच्या लांब बाजूला टेकले पाहिजे. मध्ये एक चौकोन तयार होईल.

आता उजवीकडची पेटी थोडी उजवीकडे सरकवा आणि जिचे टोक तिला टेकले आहे ती पेटीही तेवढीच तिच्याबरोबर न्या. चौकोन रुंद झाला, पण एकाही कोपऱ्यात फट पडली नाही! तसेच वरची पेटी आणि तिला टोक टेकवलेली पेटी वर सरकवा. उंची वाढेल. प्रत्येक बाजूसाठी दोन पेट्या हलवल्या की कुठल्याही मापाचा चौरस किंवा आयत मिळतो. मुलांना एकदा करायला द्या, शब्दांत सांगण्यापेक्षा लवकर कळेल.

बदलत्या मापाच्या डायचे तत्त्व हेच. चार कठीण तुकडे एका मजबूत चौकटीत बसवलेले असतात आणि स्क्रूने पुढे-मागे होतात. याच कल्पनेच्या दुसऱ्या प्रकारात तुकड्यांऐवजी चार रोलर असतात. त्याला कारखान्यात ‘टर्क्स हेड’ म्हणतात. रोलरना मोटर नसते, सळई खेचली की ते आपोआप फिरतात. धातू घासत जाण्याऐवजी रोलरवरून सरकतो, त्यामुळे घर्षण पुष्कळ कमी होते. चौकोनी आणि चपट्या तारा बनवायला ही पद्धत सोयीची.

झीज झाली तर? तुकडे किंचित आत घ्यायचे. ९.५२५ हवे असेल तर आधी छोटा तुकडा ओढायचा, मायक्रोमीटरने मोजायचे, स्क्रू फिरवायचा, पुन्हा ओढायचे. धातू बाहेर पडताना किंचित फुगतो, म्हणून भोकाचे माप आणि सळईचे माप तंतोतंत सारखे नसते. हा फरक हाताला कळायला सवय लागते.

सगळे काही जमत नाही

गोल सळईसाठी ही युक्ती उपयोगी नाही. वर्तुळाचे चार तुकडे करून ते आत-बाहेर केले, तर एका मापाशिवाय दुसऱ्या कुठल्याच मापाला वर्तुळ राहत नाही. म्हणून गोल मापांसाठी आजही वेगवेगळ्या डाय लागतात. चौकोनातही चौकट जरा ढिली राहिली, की जोराने तुकडे हलतात आणि कोपऱ्यात धातूची पातळ धार निघते. चार रोलर एका पातळीत नसले, तर सळई पिळवटून बाहेर येते. मोठ्या ऑर्डरला, एकाच मापाच्या कामाला ठरलेल्या मापाची कार्बाइड डायच बरी. थोड्या मालाला आणि अडनिड्या मापाला बदलती डाय. कुठे काय वापरायचे, हे ठरवणे हाच अनुभव.

आपल्या घरांतली मुले आता बहुतेक कॉम्प्युटर किंवा आयटीकडे जातात, मीही गेलो. त्यात वाईट काही नाही. पण ज्यांना मेकॅनिकलची आवड आहे त्यांनी ‘त्यात आता काय राहिलंय’ हे ऐकून मन बदलू नये. एका भोकाच्या उतारावर किती गणित, किती धातुशास्त्र आणि किती हातचे कौशल्य आहे, ते आपण आत्ताच पाहिले. सुट्टीत एक दिवस काढा. सकाळी सराफ्यातल्या एखाद्या कारागिराला जंतर दाखवायची विनंती करा. ओळखीच्या कुणाचा पीथमपूरला कारखाना असेल, तर दुपारी ड्रॉ बेंच चालताना लांबून पाहा. आणि तिथे एक प्रश्न नक्की विचारा: ‘काका, एका फेरीत किती ओढता?’ उत्तर देताना ते किती वेळ बोलतात, ते बघा.