ऊर्जस्कर औषध आणि ‘अतिमानवा’चा हव्यास

ज्यूलियन हक्सले या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये ‘ट्रान्सह्युमॅनिझम’ या शीर्षकाचा निबंध प्रसिद्ध केला. मनुष्याने विज्ञानाच्या बळावर शरीर-मनाच्या नैसर्गिक मर्यादा ओलांडाव्यात, हा या विचाराचा गाभा. २०१८ मध्ये चीनमध्ये जनुकीय संपादन केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर झाले आणि हा विषय कल्पित कथांपुरता उरला नाही. हे सर्व आमच्या वेदांत होतेच, असे सांगून व्यासपीठावर टाळ्या मिळतात. त्या वाटेला आम्ही जात नाही. तथापि निरोगी मनुष्यास अधिक समर्थ करणे ही कल्पना आपल्या शास्त्राला परकी नाही. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या प्रारंभीच रोगहर औषधाबरोबर स्वस्थासाठी ऊर्जस्कर औषध सांगितले असून रसायन व वाजीकरण प्राधान्याने त्यात मोडतात.

वाद आहे तो ‘अधिक’ या शब्दाच्या अर्थाचा. त्यासाठी दूर जावयास नको. आपल्या शहरालगत वाळूज येथे वोक्हार्ट कंपनीच्या जैवतंत्रज्ञान प्रकल्पात पुनःसंयोजित एरिथ्रोपॉयटिन तयार होऊ लागले. वृक्कातून स्रवणारे हे द्रव्य अस्थिमज्जेला रक्तकण निर्माण करावयास लावते. वृक्क निकामी झालेल्या पांडुरोग्यास ते जीवनदायी ठरते. हेच द्रव्य धडधाकट सायकलपटूंनी टोचून घेतले, तेव्हा १९९८ च्या ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीत मोठे प्रकरण उघडकीस आले. रक्तकण वाढले की प्राणवायूचे वहन वाढते, परंतु रक्त दाटही होते. गुठळी, हृद्रोग व पक्षाघात यांचा धोका बळावतो. रक्तधातूच्या अतिवृद्धीत सर्वांग व नेत्र आरक्त होतात, सिरा भरून येतात, असे सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात नोंदविले आहे. धातूची वृद्धी हीदेखील विकृतीच, हे आपण प्रथम वर्षापासून शिकतो आणि गिऱ्हाईक समोर आले की विसरतो! चरकाचार्यांनी अतिदीर्घ देहाचीही गणना अष्टनिंदितांत केली आहे. रसायनाने साधावयाचे ते धातूंचे प्रशस्तपण, परिमाण नव्हे. म्हणूनच शोधन, अग्निविचार व आचाररसायन यांविना दिलेला च्यवनप्राश केवळ गोड अवलेह ठरतो.

व्यायामशाळेत जाणारा तरुण वा पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा ‘काहीतरी ताकदीचे’ मागतो, तेव्हा हा भेद आपल्या दुकानातील फळीवर येऊन ठेपतो. २०११ मध्ये भारतीय महिला रिले चमूतील धावपटूंच्या तपासणीत स्टेरॉइड आढळले. जिनसेंग या वनस्पतीच्या पूरकातून ते अजाणता शरीरात गेले, असा बचाव काहींनी केला. तरीही आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने २०१२ मध्ये बंदी एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली. वनस्पतीचे नाव ढाल म्हणून उपयोगी पडले नाही.

तेव्हा विक्रेतेबंधूंनी बलवर्धक चूर्ण घेताना उत्पादन परवाना, बॅच क्रमांक व पृथक्करण अहवाल मागावा. ‘आठ दिवसांत वजन’ असे सांगून येणारे बिनलेबलाचे पुडे ठेवूच नयेत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा संभव मोठा. उंची वा कामशक्ती वाढविण्याचा दावा करणारा फलक लावणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यान्वये गुन्हा आहे. वैद्यांनी खेळाडूस औषध देण्यापूर्वी त्याची उत्तेजक द्रव्य तपासणी होते काय, हे विचारून केसपेपरवर नोंदवावे आणि घटकद्रव्यांची यादी त्याच्या हाती द्यावी.