दूध आपल्या गोठ्यातले, भाव कुणाचा?

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे गाव जनावरांच्या बाजारासाठी लांबलांबपर्यंत ठाऊक आहे. शनिवारी बाजार भरतो आणि काळ्या-पांढऱ्या एचएफ गाईंचे व्यवहार होतात. आपल्या समाजातील कितीतरी घरे अशा बाजारावर जगतात. कुणी दलाली करतो, कुणाचा टेम्पो आहे, कुणी दावे-कासरे विकतो. गाय घेताना दात, कास, वेत सगळे बघतात. पण सौदा शेवटी अडतो तो एकाच हिशोबावर: ती किती लिटर देईल आणि त्या लिटरला डेअरी काय देईल? म्हणून डेअरी कुणाच्या मालकीची आहे, हा प्रश्न आपल्या चुलीपर्यंत येतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात आधी सहकारी दूध संघांचा जोर होता. 1991 नंतर खासगी डेअऱ्यांना वाट मोकळी झाली. जिल्ह्याच्या उत्तरेला श्रीरामपूर तालुक्यात 1998 मध्ये प्रभात डेअरी उभी राहिली आणि वाढत वाढत 2015 मध्ये शेअर बाजारात उतरली. 2019 मध्ये फ्रान्सच्या लॅक्टालिस कंपनीने तिचा दुग्धव्यवसाय सुमारे 1,700 कोटी रुपयांना घेतला. लॅक्टालिस ही जगातल्या सर्वात मोठ्या दूध कंपन्यांपैकी एक. इकडे दौंड ओलांडून बारामतीला गेले, तर अमेरिकन श्रायबर कंपनीची डायनामिक्स डेअरी आहे. मॅकडोनाल्डच्या बर्गरमधले चीज तिथून जात आले आहे. मुले हौसेने बर्गर खातात, तेव्हा त्यात आपल्याच भागातले दूध असू शकते.

अशी कंपनी आली की तिच्याभोवती एक उद्योगच वसतो. पंजाबात मोगा येथे 1961 साली नेस्लेने कारखाना काढला, तेव्हा हेच घडले: संकलन केंद्रे, शीतकरण, जनावरांचे डॉक्टर, चारा. मोठ्या कारखान्याला रोज एकसारखे, निर्भेळ, थंड दूध हवे असते. मग गावात बल्क कूलर येतो, कॅनची जागा टँकर घेतो, पशुखाद्याची दुकाने लागतात, मुरघासाच्या बॅगा विकत मिळू लागतात. दुधात प्रतिजैविकांचा अंश आहे का, हेही तपासले जाते. ही शिस्त आम्हाला चांगलीच वाटते. मापात कसर करणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये किती कडक ताकीद आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण ती ताकीद घालणाऱ्याइतकीच मोजणाऱ्यालाही आहे!

खरी अडचण भावात आहे. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो आणि त्याखाली गेले की पैसे कापले जातात. दूध जास्त झाले की त्याची भुकटी करतात, आणि भुकटीचा भाव जागतिक बाजारात पडला की त्याचा फटका गोठ्याला बसतो. मात्र सगळा दोष परदेशी कंपनीच्या माथी मारणे बरोबर नाही. जुलै 2018 मध्ये दूधदरासाठी राज्यात मोठे आंदोलन झाले, तेव्हा लॅक्टालिस अजून श्रीरामपुरात आलेली नव्हती. 2024 च्या सुरुवातीला तर सरकारला लिटरमागे 5 रुपये अनुदान जाहीर करावे लागले. फरक असा, की सहकारी संघात सभासद म्हणून वार्षिक सभेत उभे राहून विचारता येते. ज्या कंपनीचे मुख्यालय फ्रान्समधल्या लावाल गावी आहे, तिला कुणी आणि कुठे विचारायचे?

एचएफच्या गोऱ्ह्याचा प्रश्न वेगळाच. शेतात तो फारसा चालत नाही, आणि 2015 च्या कायद्यानंतर त्याला गिऱ्हाईकही राहिले नाही. दूध घेणाऱ्या कुठल्याच कंपनीच्या हिशोबात हा खर्च दिसत नाही. तो पाळणाऱ्याच्या अंगावर पडतो.

आमचा जोर दुसऱ्या गोष्टीवर आहे. या साखळीत आपली माणसे बहुतेक टेम्पो आणि बाजार एवढ्यावरच थांबली आहेत. प्रयोगशाळा, गुणवत्ता तपासणी, यंत्रे सांभाळणे ही कामे शिकलेल्यांची. उदगीरला आणि पुसदजवळ वरुडला दुग्धतंत्रज्ञानाची सरकारी महाविद्यालये आहेत. बारावी सायन्सच्या किती मुलामुलींना हे ठाऊक आहे? आम्ही वर्गात विचारतो, तेव्हा डॉक्टर आणि इंजिनिअर याखेरीज तिसरे नाव क्वचितच येते.

आणि ज्या घरी दूध घातले जाते, तिथे अम्मीने किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीने रोजची पावती वहीत चिकटवावी. दहा दिवसांचा पगार आला की लिटर, फॅट, एसएनएफ, कपात, सगळे जुळवून बघावे. सातवीच्या गणितात तेवढे येते.