फळीखालची मोटर (भाग 6) : खाचेत मावेल तेवढं तांबं

पट्टा की हब, म्हणजे मोटरने पट्ट्याने चाक फिरवायचं की मोटर चाकातच बसवायची, याचा निकाल या आठवड्यात लावतो म्हणालो होतो. तो पुढच्या आठवड्यावर गेला. मधेच ठाण्याच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातल्या एका ओळीने माझ्या चार संध्याकाळी घेतल्या. ते आणि त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, दोघं मिळून विजेवर चालणारी स्केटबोर्डची फळी बांधताहेत. 6374 मापाची मोटर त्यांना 190 केव्ही आणि 270 केव्ही अशा दोन प्रकारांत मिळतेय, किंमत एकच. मुलगा म्हणतो 270 घेऊ, पळेल जास्त. वडील म्हणतात 190 घेऊ, कारण ‘केव्ही कमी तर जोर जास्त’.

वडिलांची निवड बरोबर आहे. पण त्यांनी दिलेलं कारण चूक आहे, आणि ही चूक इतकी सर्रास ऐकू येते की तिच्यासाठी एक अख्खा भाग खर्ची घालायला मी आनंदाने तयार आहे.

त्यासाठी माझं दुबईतलं अल बर्शा सोडून थोडा वेळ तासगावला जाऊ. माझ्या मामांचं तिथे मोटर भरायचं दुकान होतं. उन्हाळ्यात विजेचा दाब पडायचा, विहिरीवरची मोटर तापून जळायची, आणि शेतकरी ती एम-एटी गाडीच्या मागे बांधून दुकानात आणायचा. दुकानात पाऊल टाकलं की जळक्या वार्निशचा वास नाकात बसायचा. मामा जळकी कॉइल कापून काढायचे, टर्न मोजायचे, तारेचा गेज बघायचे आणि सगळं तांबं तराजूत टाकायचे. एखादा बागाईतदार म्हणायचा, ‘या वेळी जरा जोराची भरून द्या.’ मामा स्टेटरच्या रिकाम्या खाचेत बोट घालून दाखवायचे आणि म्हणायचे, खाचेत मावेल तेवढंच तांबं.

केव्हीचं सगळं मर्म त्या खाचेत आहे. केव्ही म्हणजे भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, हे आपण तिसऱ्या भागात पाहिलं. 190 आणि 270 या एकाच मापाच्या मोटरी असतील, तर दोघींच्या खाचा सारख्या, चुंबकं सारखी, तांब्याचं वजनही जवळपास सारखं. फरक इतकाच, की 190 मध्ये बारीक तारेचे जास्त टर्न बसवलेत आणि 270 मध्ये जाड तारेचे कमी. टर्न जास्त म्हणून 190 ला एका अँपिअरमागे पीळ (टॉर्क) जास्त मिळतो, हे खरं. पण तीच तार लांब आणि बारीक झाली, म्हणून तिचा रोधही वाढला, आणि तो टर्नांच्या वर्गाच्या पटीत वाढतो.

आकडे घालून बघा. 190 च्या मोटरचा रोध 60 मिलिओहम धरा. 270 चा त्याच्या निम्मा, 30 च्या आसपास. जो पीळ 190 ची मोटर 40 अँपिअरमध्ये देते, तोच द्यायला 270 ला 57 अँपिअर लागतात. आता उष्णता काढा : करंटचा वर्ग गुणिले रोध. पहिलीत 96 वॅट. दुसरीतही 96 वॅटच. तेवढ्याच पिळाला तेवढीच उष्णता, म्हणजे जोर दोघींचा सारखा. जोर टर्नांत नसतो, तांब्याच्या वजनात आणि चुंबकांत असतो.

मग 190 का? कारण फळीखाली जागा नसते. मोटरच्या पुलीला 15 दाते, चाकाच्या पुलीला 36. चाक 90 मिलिमीटरचं. चाकाची पुली याहून फार मोठी केली तर ती जमिनीला घासेल. म्हणजे गिअरने वेग उतरवायचा तर एका हद्दीपर्यंतच उतरतो. दहा सेलच्या 36 व्होल्ट बॅटरीवर 190 ची मोटर ही फळी भार नसताना ताशी 48 किलोमीटरपर्यंत नेते, 270 ची जवळजवळ 69 पर्यंत. दुबईत ई-स्कूटरसाठी आखलेल्या मार्गांवर वेगाची मर्यादा ताशी 20 आहे, आणि माझी फळी मी त्याच हिशेबात बांधतो. 69 चं मी काय करू? शिवाय ते जास्तीचे 17 अँपिअर मोटरला सोसले तरी कंट्रोलरच्या मॉस्फेटना आणि तारांना सोसावे लागतात. बेंजामिन वेडर या स्वीडिश अभियंत्याने बनवून सगळ्यांसाठी खुला केलेला व्हेस्क हा कंट्रोलर आपण वापरतोय. त्याच्या जुन्या 4.12 आवृत्तीला मिनिटाला 60,000 विद्युत-फेऱ्यांची (मोटरचे फेरे गुणिले चुंबकांच्या जोड्या) हद्द आहे. मोटरमध्ये चुंबकांच्या सात जोड्या, बॅटरी पूर्ण भरल्यावर 42 व्होल्ट : 190 ची मोटर 55,860 वर थांबते, 270 ची 79,000 च्या पुढे जाते. मुलाला हे गणित स्वतः करू द्या, तो आपणहून 190 वर येईल.

पण डब्यावर 190 लिहिलंय म्हणून मोटर 190 ची असते, असं समजू नका. गेल्या वर्षी मी एकाच फळीसाठी एकाच खोक्यातून दोन मोटरी घेतल्या. दोन्हींवर 190 छापलेलं. बाल्कनीतल्या टेबलावर व्हाइस आहे, त्यात ॲल्युमिनियमची पट्टी पकडली आणि त्या पट्टीवर चार एम-4 स्क्रूंनी मोटर बसवली. या मोटरचा बाहेरचा डबाच फिरतो, म्हणून पकड मागच्या बाजूलाच हवी. पट्टीच्या भोकातून आलेला शाफ्ट ड्रिलच्या चकमध्ये धरला. मोटरच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन मल्टिमीटरला, एसी व्होल्टवर. फेरे मोजायला टॅकोमीटर लागत नाही. मीटर हर्ट्झवर न्या, येणाऱ्या आकड्याला 60 ने गुणा, सातने भागा, झाले मिनिटाचे फेरे. व्होल्टला 1.414 ने गुणा. फेरे भागिले हे व्होल्ट, म्हणजे खरा केव्ही.

पहिली मोटर : 117 हर्ट्झ, 3.70 व्होल्ट. केव्ही 192. उत्तम. दुसरी : तेच 117 हर्ट्झ, पण 4.11 व्होल्ट. केव्ही 173. मी तारांच्या तिन्ही जोड्यांवर तीनतीनदा मोजलं, आकडा हलला नाही. भरणाऱ्याने टर्न जास्त घातले असतील किंवा चुंबकं जास्त जोरकस लागली असतील. मोटर वाईट नव्हती, पण जोडीची नव्हती. दोघींना 40 अँपिअर दिले तर एक 2 न्यूटन-मीटर पीळ देणार, दुसरी 2.2, आणि वरच्या वेगाला 173 ची आधी थकणार, उरलेला भार एकटी 192 ची ओढणार. मी दुसरी बदलून घेतली.

ड्रिल लावलेलंच असेल तर आणखी एक परीक्षा करून घ्या. मोटरच्या दोन तारा एकमेकींना टेकवा. ड्रिल एकदम कण्हायला लागेल, आवाज खाली येईल. तिन्ही जोड्यांना तो सारखाच खाली यायला हवा. आणि तारा मोकळ्या असतानाच ड्रिल जड जात असेल तर आत कुठेतरी टर्नला टर्न चिकटलाय. ती मोटर घेऊ नका.

आता उन्हाबद्दल, कारण मोटरच्या डब्यावरचे अँपिअर अल बर्शाच्या जुलैत कोणी मोजलेले नसतात. साध्या दर्जाची निओडिमियम चुंबकं 80 अंशांपर्यंतच भरवशाची, म्हणून मी आतल्या तापमानाची हद्द 80 धरतो. पुण्यात 25 अंशांना सुरुवात केली तर तापायला 55 अंशांची मोकळीक आहे. इथे संध्याकाळ व्हायच्या आत बाहेर पडलो, हवा 45 अंश, तर मोकळीक 35 ची. तेवढ्यात मावेल एवढीच उष्णता मोटर बाहेर टाकू शकते, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. हिशेब केला तर पुण्यात 50 अँपिअर सतत पेलणारी मोटर इथे 40 च पेलते. माझ्या व्हेस्कमध्ये जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा 40 चाच आकडा असतो. ज्यांच्या मोटरमध्ये तापमान सांगणारा 10 किलोओहमचा थर्मिस्टर आहे त्यांनी तो आधीच तपासावा. 25 अंशांना तो 10 दाखवतो. माझा बाल्कनीत, 40 अंशांना, मोटर थंड असताना 5.8 दाखवत होता, आणि तेच बरोबर आहे. हा आकडा पाहून मोटर बिघडली असं समजू नका.

ठाण्याच्या बाप-लेकांनी मोटर हातात आली की फळीला लावण्याआधी ड्रिलवर फिरवावी आणि हर्ट्झ आणि व्होल्ट असे दोन्ही आकडे मला लिहून पाठवावेत. ते आले की आधी तेच छापतो, पट्टा की हब त्यानंतर.