‘चालते’ आणि ‘चालत राहील’

नेवासे हे आमच्या नगर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरचे भाष्य सांगितले अशी श्रद्धा आहे, तो ‘पैसाचा खांब’ इथेच आहे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये. पुढे हाताने नकला होत गेल्या. नकलून घेणाऱ्यांनी कुठे शब्द बदलले, कुठे स्वतःच्या ओव्या घातल्या. शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या, शुद्ध प्रत तयार केली आणि यापुढे यात कोणी आपली ओवी मिसळू नये, असे बजावून ठेवले. अशा मागाहून मिसळलेल्या मजकुराला अभ्यासक ‘क्षेपक’ म्हणतात.

हा शब्द मला गेल्या वर्षी अगदी निराळ्या जागी आठवला. मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. हिशेबनिसाच्या नोकरीतून या विषयात शिरलो आणि पुस्तके चाळत, चुका करत शिकलो. आमच्याकडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात संगणक विभागातल्या माणसाने माझ्यापुढे एक लांबलचक यादी ठेवली. वीस वर्षांत त्यांनी स्वतः लिहून घेतलेले प्रोग्राम त्यात होते. गेटपास, वजनकाट्याची नोंद, जॉबवर्कला बाहेर गेलेल्या मालाचे चलन, २०१७ च्या जीएसटीनंतर बदललेले बिल. त्याचा प्रश्न एवढाच होता, “साहेब, हे सगळे चालते. मग यातले निम्मे ‘मान्य नाही’ असे का म्हणतात?”

या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, पगार, हिशेब हे सारे एकाच प्रणालीत बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एसएपी हे जर्मन नाव सर्वांत परिचित. आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ मध्ये ही कंपनी काढली. १९९२ मध्ये तिची ‘आर-थ्री’ ही प्रणाली बाजारात आली. तिची स्वतःची भाषा आहे, अबॅप. या प्रणालीचे एक वैशिष्ट्य असे, की कंपनीने लिहिलेला मूळ मजकूर ग्राहकाला वाचता येतो आणि ग्राहकाला आपले प्रोग्रामही त्याच घरात लिहिता येतात. ओळख राहावी म्हणून ग्राहकाच्या प्रोग्रामांची नावे झेड किंवा वाय या अक्षराने सुरू होतात. म्हणून कारखान्यांतून ‘झेड प्रोग्राम’ हा शब्द रुळला.

सोय मोठी होती, धोकाही तिच्यातच होता. झेड प्रोग्राम लिहिणारा सरळ मूळ प्रणालीच्या आतल्या तक्त्यांत हात घालू शके. मालाची मूळ माहिती ‘मारा’ नावाच्या तक्त्यात असते. ती हवी असेल तर तिथून उचलायची. कोणी अडवत नसे. पण तो तक्ता पुढेही तसाच राहील, असे वचन कोणी दिलेले नव्हते.

वचन नसले की काय होते, ते २०१५ मध्ये एस-फोर हाना ही नवी प्रणाली आल्यावर दिसले. मालाचा सांकेतिक क्रमांक पूर्वी जास्तीत जास्त १८ अक्षरांचा असे. नव्या प्रणालीत त्याची लांबी ४० केली गेली. ज्या प्रोग्रामने मालाचा क्रमांक आणि पुढचा मजकूर एका ओळीत जोडून ‘एकोणिसाव्या जागेपासून पुढची माहिती’ असे गृहीत धरले होते, त्याचा हिशेब चुकणार हे उघड होते. मालाच्या हालचालींच्या नोंदी ज्या दोन तक्त्यांत विभागल्या होत्या, त्यांची जागा एका नव्या तक्त्याने घेतली. जुन्या नावाने वाचणाऱ्यांसाठी आडवाट ठेवली गेली, पण जुन्या तक्त्यात थेट लिहू पाहणाऱ्यांची वाट बंद झाली.

स्वतःच्या इमारतीत यंत्र असले, तर निदान बदल कधी घ्यायचा हे ग्राहक ठरवतो. क्लाउडमध्ये यंत्र दुसऱ्याचे आणि वेळापत्रकही दुसऱ्याचे. सार्वजनिक क्लाउडवरच्या एस-फोर हानात वर्षातून दोनदा मोठा बदल येतो. आतल्या भिंती कधीही हलू शकतात. म्हणून कंपनीने काही ठरावीक दारे नेमून दिली. या घटकांना ‘रिलीज्ड’ म्हणतात. मराठीत त्यांना मान्य घटक म्हणू. घटक मान्य आहे याचा अर्थ तो चांगला आहे असा नव्हे. त्याचा बाहेरचा आकार बदलणार नाही, आत काहीही झाले तरी, अशी हमी त्यामागे आहे. ‘मारा’ तक्ता मान्य नाही, पण तीच माहिती देणारे ‘आय-प्रॉडक्ट’ हे दृश्य मान्य आहे. विहिरीत उतरायचे नाही, नळाला हंडा लावायचा. विहीर खोल केली, पंप बदलला, तरी नळ तिथेच राहतो.

एखादा घटक मान्य आहे का, हे तपासायला तीन जागा आहेत. पहिली, प्रोग्राम लिहायच्या साधनातच घटकाच्या गुणधर्मांत त्याची ‘एपीआय स्थिती’ दिसते. दुसरी, कंपनीने गिटहबवर खुली ठेवलेली ‘क्लाउडिफिकेशन रिपॉझिटरी’ ही यादी. तीत जुने नाव शोधले, तर पर्याय असल्यास नवे नावही मिळते. तिसरी, ‘अबॅप टेस्ट कॉकपिट’ ही तपासणी. ती सगळ्या झेड प्रोग्रामांवरून एकदम फिरते आणि कोणत्या ओळीत अमान्य घटक वापरला आहे ते सांगते. नवा प्रोग्राम क्लाउडसाठीच्या भाषाप्रकारात लिहायला घेतला, तर अमान्य घटकाचे नाव लिहिताच चूक दाखवली जाते आणि पुढे जाताच येत नाही.

यादी वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. मान्यता कशासाठी आहे ते पाहावे. त्याच प्रणालीतून वापरण्याची हमी वेगळी, बाहेरून जोडण्याची वेगळी. एका आवृत्तीत मान्य असलेला घटक आधीच्या आवृत्तीत नसू शकतो. माहिती वाचण्याचे दार आणि नोंद बदलण्याचे दार वेगवेगळे असते. आणि काही घटकांना पर्यायच नसतो. तेव्हा त्या अमान्य घटकाभोवती स्वतःचे एकच वेष्टन लिहायचे आणि बाकी सर्व प्रोग्रामांनी त्या वेष्टनातूनच जायचे, हा मार्ग राहतो. आत बदल झालाच, तर दुरुस्ती पन्नास ठिकाणी न करता एका ठिकाणी होते. २०२५ मध्ये कंपनीने हीच वस्तुस्थिती मान्य करून ‘ए’ ते ‘डी’ अशा चार पायऱ्या लावल्या. ‘ए’ म्हणजे केवळ मान्य घटकांवर उभे असलेले काम, ‘डी’ म्हणजे टाळावे असे.

हे आताच का महत्त्वाचे? जुन्या ईसीसी प्रणालीची नेहमीची देखभाल २०२७ अखेर संपते. जादा पैसे मोजून ती २०३० पर्यंत नेता येते. म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यालाही यादी घेऊन बसावेच लागेल. अशा वेळी बाहेरचा सल्लागार सहज म्हणतो, झेड सगळे टाकून द्या. इथे मात्र मी थांबतो. जॉबवर्कच्या त्या चलनात गावातल्या लेथवाल्याशी व्यवहार कसा होतो, भंगार कोणाच्या नावे पडते, हे वीस वर्षांचे शहाणपण आहे. ते दुसरीकडे कुठेही लिहिलेले नाही. प्रोग्राम लिहिणारा तर केव्हाच पुण्याला गेलेला असतो.

त्या माणसाला मी सांगितले, यादीला तीन रकाने जोडा. हा प्रोग्राम गेल्या वर्षात कोणी वापरला का? तो कशावर उभा आहे, हमीवर की सवयीवर? आणि त्यात आपल्या कामाची कोणती रीत आहे? पहिल्याच रकान्यात बरेच प्रोग्राम गळाले. दुसरा रकाना यंत्राने भरला. तिसरा भरायला मात्र त्याला स्टोअरमधल्या, निवृत्तीला आलेल्या बाबांजवळ बसावे लागले.

एकनाथांनी ज्ञानेश्वरीत ओवी घालू नका म्हटले, पण स्वतः लिहिणे टाळले नव्हते. भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी अठरा हजारांहून अधिक ओव्या लिहिल्या, त्या वेगळ्या ग्रंथात. मूळ प्रत शुद्ध ठेवा, आपले म्हणणे तिच्याशेजारी मांडा. कारखान्याच्या यादीपुढे बसलेल्या माणसाला याहून वेगळे काही करायचे नाही.