वाऱ्याच्या दिवशी चिडणारं भूत

उत्तर रशियातल्या जुन्या काळच्या शेतकऱ्याच्या घरात शिरलात, तर पहिली नजर जाईल ती भल्यामोठ्या भट्टीकडे. तिच्यामागे राहतो दोमोवोय, घराचा राखणदार. त्याचं नाव घ्यायचं नाही, ‘आजोबा’ म्हणायचं! अंगानं केसाळ आणि कित्येकदा हुबेहूब घरधन्यासारखा. घर बदलताना जुन्या भट्टीतले निखारे मडक्यात घेऊन आजोबांना आदरानं नव्या घरी चलायची विनंती करत. ते रुसले तर भांडी आदळतील, नावडत्या घोड्याला रात्रभर दमवतील. पण सहसा कुणाच्या जिवावर उठणार नाहीत.

आता बाहेर या. थोड्या अंतरावर बान्या, म्हणजे वाफेचं न्हाणीघर. इथला बान्निक मात्र कढत पाणी फेकतो, तापलेले दगड भिरकावतो, माणसाला गुदमरवून मारतो. एकाच घरची ही दोन भुतं, मग स्वभावात एवढं अंतर कसं?

जुन्या बान्याला धुराडंच नसे. आत लाकडं पेटवून दगड तापवायचे, धूर दारातून जाऊ द्यायचा, मग दगडांवर पाणी मारून वाफ घ्यायची. निखारे पुरते विझले नसतील तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस सुस्तावतो, कलंडतो, पुन्हा उठत नाही. अशा मरणाचा कर्ता कोण म्हणावा? आता बान्निकचे नियम ऐका: एकट्यानं शिरायचं नाही, मध्यरात्री तर नाहीच. अंघोळीची तिसरी-चौथी पाळी त्याची, तेव्हा पाणी आणि साबण ठेवून सगळ्यांनी निघून यायचं. बाळंतपणंही इथंच होत, आणि बाळंतिणीला क्षणभरही एकटं सोडायचं नाही! विषारी वायूचं नावही ठाऊक नसलेल्या माणसांनी केवढी नेमकी खबरदारी घेतली होती!

तरी नाताळानंतरच्या रात्री धीट मुली याच दाराशी पाठमोऱ्या उभ्या राहत. केसाळ, मऊ हात लागला तर नवरा श्रीमंत. नख्या लागल्या तर नशीब खोटं.

सगळ्यांत क्रूर भूत धान्य वाळवायच्या कोठीत, ओविनमध्ये. उत्तर रशियातला उन्हाळा तोकडा, हवा ओली; म्हणून खड्ड्यात जाळ करून वर राय धान्याच्या पेंढ्या सुकवायच्या. एक ठिणगी उडाली की वर्षाचं अन्न राख! इथला ओविन्निक काळ्या मांजरासारखा, डोळे निखाऱ्यांसारखे. सेर्गेई माक्सीमोव यांचं या लोकसमजुतींवरचं पुस्तक १९०३ मध्ये निघालं. त्यात एक तपशील आहे, तो वाचून मी थक्क झालो: जोराचा वारा असताना कोठीत जाळ केलेला ओविन्निकला खपत नाही. आगीपासून वाचायचा याहून शहाणा नियम कोणता असेल? मला तर वाटतं, अपघात जिथं घडत, तिथंच ही भुतं वस्तीला आली.

शेतातही तेच. भर दुपारी पांढऱ्या वस्त्रांतली पोलुदनित्सा येते आणि राबत राहिलेल्याची मान मुरगळते. ऐन उन्हात डोकं फिरून कोसळणारा माणूस आठवा! पूर्व जर्मनीतल्या सॉर्ब या स्लाव्ह लोकांत तिच्यापासून सुटायची एक युक्ती सांगतात. तिच्याशी तासभर जवसाविषयी बोलायचं: पेरणी, उपटणी, भिजवणं, कुटणं, सूतकताई, विणकाम, एकही पायरी न गाळता. बोलता बोलता दुपारची वेळ सरते आणि तिची सत्ता संपते. तोवर तासभर हातातलं कामही थांबलेलं असतं.