‘लाइकली’ म्हणजे नेमके किती?

‘रेन इज लाइकली टुमारो’ या वाक्याचे मराठी काय कराल? बहुतेक जण म्हणतील, ‘उद्या पावसाची शक्यता आहे.’ आता ‘रेन इज पॉसिबल टुमारो’ याचे मराठी करा. पुन्हा तेच! इंग्रजीतली दोन वेगळी विधाने मराठीत येताना एक होऊन गेली. विज्ञान शिकवताना हा फरक पुसला जाणे परवडणारे नाही.

‘पॉसिबल’ म्हणजे अशक्य नाही, एवढेच. ‘लाइकली’ त्यापुढे जातो. न घडण्यापेक्षा घडण्याकडे पारडे झुकले आहे, असे तो सांगतो. या शब्दाचे मूळ ‘लाइक’ म्हणजे ‘सारखा’ या शब्दात आहे. खऱ्यासारखे दिसते ते लाइकली. आभाळ भरून आले की आपण म्हणतो, ‘पाऊस येईलसे दिसते.’ त्यातल्या ‘दिसते’मध्ये हीच कल्पना आहे. म्हणून ‘पॉसिबल’साठी ‘शक्य आहे’ किंवा ‘कदाचित’, आणि ‘लाइकली’साठी ‘बहुधा’ किंवा ‘दाट शक्यता’ असे शब्द वापरले, तर अर्थ बराच टिकतो.

याच शब्दात एक खाचही आहे. ‘मोर लाइकली’ म्हटले की ती फक्त तुलना असते. सिगारेट न ओढणाऱ्यांपेक्षा ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग होणे ‘मोर लाइकली’ आहे, याचा अर्थ ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो होतो असा नव्हे. ‘आमचे आजोबा आयुष्यभर ओढत होते, त्यांना काही झाले नाही,’ असे एखादा मुलगा म्हणतो तेव्हा त्याची इथेच गल्लत झालेली असते. एका उदाहरणाने तुलना खोटी ठरत नाही. धोका अनेक पटींनी वाढतो, हे विधान शाबूतच राहते.

पण ‘दाट’ म्हणजे किती दाट? हा प्रश्न एकदा मोठ्या माणसांनाही अडचणीत आणून गेला. १९५१ साली अमेरिकेच्या सी.आय.ए. या गुप्तचर संस्थेने युगोस्लाव्हियाबद्दल एक अहवाल तयार केला. त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असे त्यात म्हटले होते. पुढे परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने अहवालाचे एक कर्ते शर्मन केंट यांना विचारले, की या शब्दांतून तुम्हाला नेमके काय म्हणायचे होते? केंट म्हणाले, हल्ला होण्याच्या बाजूने ६५, विरुद्ध ३५. अधिकारी चकित झाला. त्याने शक्यता याहून बरीच कमी धरली होती. मग केंट यांनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारले. एकाच्या मनात २० टक्के होते, तर दुसऱ्याच्या मनात ८०! सर्वांनी मिळून एका वाक्यावर एकमत केले होते, पण ते एकमत फक्त शब्दांपुरते होते. केंट यांनी पुढे अशा शब्दांना टक्केवारी जोडून देण्याचा आग्रह धरला आणि १९६४ साली त्यावर लेखही लिहिला.

हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आय.पी.सी.सी. या आंतरराष्ट्रीय मंडळाने हाच मार्ग पत्करला. त्यांच्या अहवालात ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के आणि ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ म्हणजे किमान ९५ टक्के. ‘अनलाइकली’ म्हणजे फार तर ३३ टक्के. या मोजपट्टीमुळे अहवालांतला बदल नीट वाचता येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली बरीचशी तापमानवाढ मानवी कृतींमुळे झाली, हे विधान २००१ साली ‘लाइकली’ होते, २००७ साली ‘व्हेरी लाइकली’ झाले, २०१३ साली ‘एक्स्ट्रीमली लाइकली’. २०२१ च्या अहवालात तर मानवी प्रभाव निर्विवाद असल्याचे म्हटले आहे. जसजसा पुरावा साठत गेला, तसतसा शब्द बदलला. ‘शक्यता आहे’ असे एकच भाषांतर करत राहिलो, तर वीस वर्षांची ही वाटचाल वाचकाला दिसणारच नाही.

तरीही तक्ता छापून काम भागत नाही. डेव्हिड बुडेस्कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की या अहवालातली वाक्ये वाचणारे लोक ‘व्हेरी लाइकली’चा अर्थ ठरवलेल्यापेक्षा बराच सौम्य, पन्नास टक्क्यांकडे झुकणारा घेतात. शब्दाशेजारीच आकडा लिहिला तर समज सुधारते.

वर्गात हे फाशांनी सहज दाखवता येईल. एक फासा टाकला तर ३ किंवा अधिक पडण्याची संभाव्यता सहापैकी चार, म्हणजे सुमारे ६७ टक्के. हे झाले ‘लाइकली’. दोन फासे टाकून बेरीज ४ किंवा अधिक येण्याची संभाव्यता ३६ पैकी ३३, म्हणजे सुमारे ९२ टक्के. हे ‘व्हेरी लाइकली’. प्रत्येक गटाला दोन्ही प्रयोग साठ-साठ वेळा करायला सांगा आणि फळ्यावर नोंदी घ्या. ‘लाइकली’ घटना साठापैकी सुमारे वीस वेळा घडणार नाही, ‘व्हेरी लाइकली’ घटनाही चार-पाच वेळा हुकेल. हुकली म्हणून अंदाज चुकला असे नाही, हे मुलांना इथे हाताने कळेल.

प्रयोगाआधी मात्र एक गोष्ट करा. ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘दाट शक्यता’, ‘नक्कीच’ हे शब्द फळ्यावर लिहा आणि प्रत्येकासमोर आपापल्या मनातला टक्का मुलांना कागदावर लिहायला सांगा, एकमेकांचे न पाहता. तुम्हीही लिहा. मग कागद उघडून ताडून पाहा. केंट यांच्या कचेरीत घडले तेच तुमच्या वर्गात बहुधा घडेल. इथे ‘बहुधा’ म्हणजे किती, असे एखाद्या मुलाने विचारले, तर तास सार्थकी लागला असे समजावे.